तरंगंबाडी : खंडाच्या जमिनीवरचा डॅनिश कोट

तंजावरपासून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कावेरीचे फाटे बंगालच्या उपसागराला मिळतात त्या पट्ट्यात तरंगंबाडी हे छोटे किनारी गाव आहे. उत्तरेला पूंपुहार, दक्षिणेला कारैकाल आणि त्यापुढे नागपट्टिणम. पश्चिमेकडे भातखाचरे आणि पाटाच्या पाण्यावर जगणारी खेडी आहेत, तर गावाच्या कडेने उप्पनार ही कावेरीची उपशाखा समुद्राला मिळते. समुद्राच्या अगदी तोंडावर पिवळसर भिंतींचा एक दुमजली कोट उभा आहे. त्याचे नाव डान्सबोर्ग. १६२० मध्ये डेन्मार्कची माणसे या किनाऱ्यावर प्रथम उतरली आणि तंजावरच्या राजाशी करार करून त्यांनी ही जागा घेतली. पुढे सव्वादोनशे वर्षे येथे डॅनिश निशाण होते. त्यांतली सुमारे एकशे सत्तर वर्षे तंजावरच्या गादीवर भोसले होते. म्हणून तरंगंबाडीचा इतिहास मराठी माणसाच्याही इतिहासाचा भाग आहे, जरी मराठी पुस्तकांत तो क्वचितच येतो.

डॅनिश येण्याआधीही हा किनारा परक्या माणसांना नवखा नव्हता. कावेरीच्या मुखावरचे पूंपुहार हे चोळांचे प्राचीन बंदर. तिथल्या यवन व्यापाऱ्यांचे उल्लेख संगमकालीन तमिळ काव्यात आहेत. नागपट्टिणममध्ये अकराव्या शतकाच्या आरंभी श्रीविजयच्या राजाने बौद्ध विहार बांधवला आणि राजराज चोळाने त्याला गाव इनाम दिले. तरंगंबाडीच्या किनाऱ्यावरचे मासिलामणिनाथाचे शिवमंदिर मारवर्मन कुलशेखर पांड्याच्या काळचे, चौदाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे आहे. तिथल्या शिलालेखात गावाचा उल्लेख सडंगन्‌पाडी उर्फ कुलशेखरपट्टिणम असा येतो. ‘पट्टिणम’ हे नाव मिळालेले गाव म्हणजे व्यापारी बंदर. सोळाव्या शतकात पोर्तुगीज नागपट्टिणमला येऊन बसले आणि किनाऱ्यावरच्या देवघेवीत मोडकीतोडकी पोर्तुगीज भाषा चालू लागली. डॅनिश माणसाला तंजावरच्या दरबाराशी बोलता आले, ते याच भाषेच्या आधाराने.

डॅनिश लोक तरंगंबाडीला पोहोचले ते मात्र वाट चुकूनच म्हणावे लागेल. राजा चौथा क्रिश्चन याने १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. डच आणि इंग्रज कंपन्यांचा नफा पाहून कोपनहेगनच्या व्यापाऱ्यांनाही मसाल्याची ओढ लागली होती. अशात मार्सेलिस बोशौवर नावाचा डच गृहस्थ आपण श्रीलंकेतल्या कँडीच्या राजाचे वकील आहोत असे सांगत डेन्मार्कला आला. पोर्तुगिजांविरुद्ध मदत द्या, मोबदल्यात बेटावरचा व्यापार घ्या, असा त्याचा प्रस्ताव. राजाने आरमारी काफिला तयार केला आणि त्याचे नेतृत्व ओवे येद्दे या चोविशीही न गाठलेल्या सरदारपुत्राकडे दिले. काफिला नोव्हेंबर १६१८ मध्ये निघाला. दीड वर्षाच्या प्रवासात निम्म्याहून अधिक माणसे मेली. बोशौवरही वाटेतच गेला. १६२० च्या मे महिन्यात येद्दे श्रीलंकेला पोहोचला, तेव्हा कँडीच्या सेनरत राजाने पोर्तुगिजांशी आधीच तह केलेला होता. ज्याच्यासाठी आलो त्यालाच आपली गरज नाही, अशी डॅनिशांची अवस्था झाली.

वाट निघाली ती एका पराभवातून. काफिल्याच्या पुढे पाठवलेले ‘ओरेसुंद’ हे जहाज रोलँड क्रापे या डच दर्यावर्दीच्या ताब्यात होते. पोर्तुगिजांनी ते कारैकालजवळ बुडवले आणि हाती लागलेल्या दोघांची मुंडकी किनाऱ्यावर खांबांवर टांगली. क्रापे तेरा सोबत्यांसह पाण्यातून बाहेर आला. स्थानिक लोकांनी त्यांना पकडून तंजावरला नेले. हीच इथली पहिली भेट : एका बाजूला भिजलेली, निःशस्त्र, हरलेली चौदा माणसे आणि दुसऱ्या बाजूला एक श्रीमंत दरबार.

हा दरबार रघुनाथ नायकाचा. घराणे तेलुगू, प्रजा तमिळ आणि राजा स्वतः पंडित व संगीतज्ञ. विजयनगरच्या वारसाहक्काच्या लढाईत त्याने नुकतीच बाजी मारली होती आणि पोर्तुगिजांशी त्याचे जाफन्यावरून बिनसत चालले होते. नागपट्टिणमच्या पोर्तुगिजांवर एकट्यावर अवलंबून राहण्यापेक्षा किनाऱ्यावर आणखी एक गिऱ्हाईक असणे त्याला सोयीचे होते. क्रापेला त्याने कैदेत ठेवले नाही. उलट त्याच्याशी बोलणी सुरू केली. येद्देला निरोप गेला, तो तंजावरला आला आणि नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला. तरंगंबाडी गाव, कोट बांधण्याची परवानगी, व्यापाराची आणि स्वतःच्या धर्माची मोकळीक डॅनिशांना मिळाली. बदल्यात त्यांनी दरसाल ३,१११ रुपये खंड द्यायचा होता. रघुनाथाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर पत्र पाठवले. मजकूर तमिळमध्ये आणि सही तेलुगूत. ते सोन्याचे पत्र आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहे.

या कराराचे वजन कळण्यासाठी बावीस वर्षांनंतरची, जगाच्या दुसऱ्या टोकाची एक भेट पाहावी. डिसेंबर १६४२ मध्ये डच कंपनीचा आबेल तास्मान न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाजवळ आला. माओरी होड्या समोर आल्या, त्यांनी शंखासारखे वाद्य फुंकले, डचांनी तुतारीने उत्तर दिले. शंख हे आव्हान होते की स्वागत, हे डचांना कळले नाही. दुसऱ्या दिवशी चार खलाशी मारले गेले आणि तास्मान जमिनीवर पाऊल न ठेवता निघून गेला. त्यानंतर थेट ऑक्टोबर १७६९ मध्ये जेम्स कूक उत्तर बेटावरच्या तुरंगानुई नदीच्या मुखाशी, आजच्या गिझबर्न शहरात, उतरला. पहिल्याच दिवशी ते मारो हा माओरी प्रमुख गोळीने ठार झाला. दुसऱ्या दिवशी कूकबरोबरचा ताहितीचा तुपाइया बोलू लागला आणि त्याची भाषा माओरींना समजते असे दिसून आले. नदीतल्या ते तोका आ ताइआउ या खडकावर एका माओरीने आणि कूकने नाकाला नाक लावून अभिवादन केले. तो खडक १८७७ मध्ये बंदराच्या कामासाठी सुरुंग लावून फोडण्यात आला. जवळच्या कैती किनाऱ्यावर १९०६ मध्ये कूकचा स्मारकस्तंभ उभा राहिला, आणि ते मारोचे स्मारक त्या परिसरात यायला २०१९ साल उजाडले.

तरंगंबाडीत असे घडले नाही याचे कारण डॅनिश अधिक सभ्य होते असे नाही. बंगालच्या उपसागरात त्यांनी पुढे व्यापारी गलबते लुटलीच, आणि सतराव्या शतकात या बंदरातून माणसांचीही खरेदी-विक्री झाली. फरक होता तो यजमानाच्या बाजूने. इथे दुभाषे होते, जकातीचे दर ठरलेले होते, परक्या व्यापाऱ्याला जागा देऊन खंड घेण्याची रीत शेकडो वर्षे रुळलेली होती. एका अनोळखी गोऱ्या टोळीला कोणत्या खान्यात बसवायचे हे तंजावरला ठाऊक होते : हे कूळ, आपण जमिनीचे धनी.

दोन किनाऱ्यांना जोडणारी एक वस्तूही आहे. १८३६ च्या सुमारास विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला न्यूझीलंडच्या उत्तर भागात माओरी बायका एका काशाच्या भांड्यात बटाटे उकडताना दिसल्या. ते भांडे म्हणजे जहाजावरच्या घंटेचा वरचा भाग होता आणि त्यावर तमिळ अक्षरे होती. मोहियुद्दीन बक्ष याच्या जहाजाची घंटा, असा त्याचा आशय. नाव मुसलमान जहाजमालकाचे आहे, आणि तमिळ मुसलमानांची सागरी वस्ती नागूर, नागपट्टिणम, कारैकाल अशी याच किनाऱ्यावर पसरलेली. घंटा आता वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.

करार झाल्यावर कोटाचे काम लगेच सुरू झाले. येद्दे १६२१ मध्ये परतला आणि कारभार क्रापेकडे आला. डान्सबोर्ग विटांचा आहे आणि त्याच्या बांधणीत युरोपी लष्करी आराखडा व स्थानिक गवंड्यांचे हात दोन्ही दिसतात. तळमजल्यावर कमानदार छतांची दालने : कोठारे, दारूगोळा, कैदखाना. वरच्या मजल्यावर गव्हर्नर, अधिकारी आणि सुरुवातीच्या काळात प्रार्थनेची जागा. भोवती खंदक होता आणि त्यावर उचलता येणारा पूल. खंदक आता बुजला आहे. तोफांचा रोख समुद्राकडे होता, कारण भीती पोर्तुगिजांची आणि नंतर इतर युरोपी जहाजांची होती.

बंदर म्हणावे असे मात्र येथे काही नव्हते. कोरोमंडलच्या साऱ्या किनाऱ्याप्रमाणे येथेही मोठे जहाज दूर समुद्रात नांगर टाकून उभे राही. मधल्या फेसाळ लाटा ओलांडायच्या त्या मसुला होड्यांतून. या होडीला खिळा नसतो. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असतात, त्यामुळे लाट आदळली की होडीचे अंग लवते, तुटत नाही. युरोपातल्या खिळेबंद होड्या याच लाटांत फुटून जात. कापडाच्या गाठी, मिरीची पोती, गव्हर्नर, पाद्री, तोफेचे गोळे, कोणीही आणि काहीही तरंगंबाडीत आले-गेले ते कोळ्यांच्या या शिवलेल्या होड्यांतून. कोळी निघाले नाहीत तर माल जहाजावर चढत नसे. ऑक्टोबर-डिसेंबरच्या ईशान्य मोसमी वादळांत तर शहाणे कप्तान या किनाऱ्यावर थांबतच नसत. कोट डॅनिशांचा असला तरी त्याच्या दोन्ही वाटा इतरांच्या हाती होत्या. समुद्राची वाट कोळ्यांच्या, आणि भाताची वाट मागच्या खेड्यांच्या.

पहिली पन्नास वर्षे हलाखीची गेली. जहाजे फार थोडी येत, जी येत त्यांतली अनेक परत पोहोचत नसत. १६५० मध्ये कंपनीच बरखास्त झाली आणि तरंगंबाडीची आठवण ठेवायला कोपनहेगनमध्ये कोणी उरले नाही. १६५५ मध्ये शेवटचा अधिकारी मेला तेव्हा उरलेल्या मूठभर माणसांनी एस्किल आनसेन कोंग्सबाके या साध्या शिपाईगड्याला आपला प्रमुख केले. हळूहळू बाकीचेही मेले. शेवटी कोटात डॅनिश म्हणून तो एकटाच राहिला. स्थानिक शिपायांच्या आणि रहिवाशांच्या बळावर, उपसागरात पकडलेल्या गलबतांच्या मालावर त्याने गाव चालवले आणि गावाभोवती तटही उभारला. १६६९ मध्ये ‘फेरो’ हे जहाज डेन्मार्कहून आले तेव्हा कोटावर डॅनिश निशाण फडकत होते. वसाहतींच्या इतिहासात अशी गोष्ट दुसरी सापडणे कठीण. पण ती एका माणसाच्या चिवटपणाची आहे तितकीच त्याच्याभोवतीच्या तमिळ माणसांची आहे, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

त्यानंतर सात वर्षांतच जमिनीचा धनी बदलला. नायकांचे राज्य मदुरेच्या हाती गेले, विजापूरने एकोजीराजांना धाडले आणि १६७६ मध्ये शहाजीराजांचे हे धाकटे चिरंजीव स्वतःच तंजावरचे राजे झाले. किनाऱ्यावरच्या परक्यांचे करार त्यांच्याबरोबर वारशाने आले. नागपट्टिणमच्या डचांशी एकोजीराजांनी त्याच वर्षी करार केला, तो चांदीच्या पत्र्यावर, तमिळमध्ये कोरलेला आहे. पुणे-साताऱ्याकडून पाहणाऱ्याला तंजावरचे भोसले दूर एका कोपऱ्यात वाटतात. प्रत्यक्षात डच, डॅनिश, फ्रेंच, इंग्रज असे चार युरोपी शेजारी एकाच वेळी सांभाळणारे ते मराठी राज्य होते. कारैकाल फ्रेंचांना मिळाले ते १७३९ मध्ये, तेही तंजावरच्या गादीच्या भांडणाचा फायदा घेऊन.

डॅनिशांचा खंड आता भोसल्यांच्या खजिन्यात येऊ लागला. संबंध नेहमी गोडीचे नव्हते. थकबाकी, हद्द, नजराणे यांवरून तंटे होत. सतराव्या शतकाच्या अखेरीस एकोजीपुत्र शाहजीराजांच्या फौजेने तरंगंबाडीला वेढा घातला आणि मद्रासच्या इंग्रजांची कुमक आल्यावरच तो उठला. प्रतापसिंहांच्या कारकिर्दीत, १७५६ मध्ये, पुन्हा लढाई जुंपली. तरीही संबंध तुटले नाहीत. राजाला खंड हवा होता आणि कापडाचा व्यापार चालू हवा होता. डॅनिशांना खेड्यांतला तांदूळ आणि विणकरांचे कापड हवे होते. मसाल्याच्या आशेने आलेली ही मंडळी एव्हाना छिटाच्या आणि सुती कापडाच्या व्यापारावर जगत होती.

९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडीला दोन जर्मन तरुण उतरले : बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि हाइनरिश प्लुत्शाउ. डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिक राजाने पाठवलेले हे भारतातले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी. कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते नकोसे होते. पुढे गव्हर्नरने त्सिगेनबाल्गला चार महिने कोटात कैदेतही टाकले. त्सिगेनबाल्ग तमिळ शिकला ती गावशाळेच्या ओट्यावर, लहान मुलांच्या रांगेत बसून, वाळूत बोटाने अक्षरे गिरवत. त्यातून एक मोठे काम उभे राहिले. लंडनहून छापखाना आला, जर्मनीतल्या हाले गावाहून तमिळ खिळे आले. ते खिळे आकाराने फार मोठे निघाले, कागद जास्त खाऊ लागले, म्हणून लहान खिळे येथेच ओतण्यात आले. १७१४-१५ मध्ये बायबलमधला नवा करार तमिळमध्ये छापून झाला. शेजारच्या पोरैयारला कागदाचा कारखानाही निघाला. तमिळ छपाई याआधीही झाली होती, कोल्लमला १५७८ मध्ये. पण वर्षानुवर्षे चालणारा, खिळे आणि कागद जवळच तयार करणारा छापखाना हा तरंगंबाडीचाच. १७१८ मध्ये त्सिगेनबाल्गने नवे यरुशलेम चर्च बांधले आणि पुढच्याच वर्षी, छत्तिसाव्या वर्षी, तो वारला. त्याची कबर त्याच चर्चमध्ये आहे.

याच मिशनमधून १७५० मध्ये आलेला क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ हा तंजावरच्या मराठी इतिहासातला महत्त्वाचा माणूस ठरला. बारा वर्षे तरंगंबाडीला काढून तो तिरुच्चिरापल्लीला आणि पुढे तंजावरला गेला. तंजावरच्या तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजीला श्वार्ट्‌झच्या हाती सोपवले. गादी तुळजाराजांचे भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेल्यावर मुलाचे हाल होऊ नयेत म्हणून श्वार्ट्‌झने त्याला मद्रासला शिक्षणासाठी हलवले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले त्याच वर्षी श्वार्ट्‌झ वारला. राजांनी लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारकशिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. मरणशय्येवरच्या गुरूचा हात हाती घेतलेले राजे त्यात कोरलेले आहेत. गुरूने कधी आग्रह धरला तरी शिष्याने धर्म बदलला नाही, आणि त्यांच्या स्नेहात त्याने बाध आला नाही.

मराठी ग्रंथछपाईच्या इतिहासात या संबंधाचे फळ स्पष्ट दिसते. सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास तंजावरला देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये तिथून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी भाषांतर बाहेर पडले. त्याच्या आदल्याच वर्षी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले होते. श्रीरामपूरही डॅनिश वसाहतच. मुंबईत मराठी पुस्तके नियमितपणे छापली जाऊ लागण्यापूर्वीची ही दोन्ही पुस्तके, एक प्रत्यक्ष डॅनिश गावात आणि दुसरे डॅनिश मिशनच्या छायेत वाढलेल्या राजाच्या छापखान्यात तयार झाले, ही गोष्ट महाराष्ट्रात अधिक ठाऊक असायला हवी.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तरंगंबाडीची भरभराट होती. युरोपातले मोठे देश एकमेकांशी लढत असताना तटस्थ डेन्मार्कच्या जहाजांना माल मिळे. १७७७ मध्ये वसाहत कंपनीकडून थेट राजाकडे गेली. १७८४ चा गव्हर्नरचा बंगला आणि १७९२ ची नगरवेस याच काळातली. पुढे नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क इंग्रजांच्या विरोधात गेले आणि १८०८ ते १८१५ तरंगंबाडी इंग्रजांच्या ताब्यात राहिली. गाव परत मिळाले, व्यापार परतला नाही. मँचेस्टरच्या स्वस्त कापडापुढे कावेरीकाठचे माग थांबत होते. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि श्रीरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या कंपनीला विकून टाकले. तंजावर जिल्ह्याचे मुख्य ठाणे काही वर्षे येथे होते. तेही १८६० मध्ये तंजावरला हलले. रेल्वे नागपट्टिणमला गेली आणि तरंगंबाडी मागे पडली. आजच्या वास्तू टिकल्या त्या याच मागे पडण्यामुळे. पाडून नवे बांधण्याइतका पैसा गावात आलाच नाही.

समुद्र मात्र थांबला नाही. मासिलामणिनाथाच्या मंदिराचा पुढचा बराच भाग त्याने गिळला आहे, आणि जुन्या तटाचा समुद्राकडचा भागही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तेव्हाच्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत तरंगंबाडीच्या कोळीवाड्यातली शेकडो होती. त्यानंतर किनाऱ्यावर दगडी बांध आला आणि कोळ्यांची घरे आत सरकवली गेली. डान्सबोर्गची डागडुजी त्सुनामीच्या थोडी आधी राज्याच्या पुरातत्त्व खात्याने डेन्मार्कमधल्या तरंगंबाडीप्रेमींच्या संस्थेच्या साहाय्याने केली होती. पुढच्या वर्षांत इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने सोनार आळीतली जुनी तमिळ घरे दुरुस्त केली. हे काम कोटाच्या दुरुस्तीपेक्षाही मोलाचे आहे, कारण ओसरी, लाकडी खांब आणि मधला चौक असलेली ती घरे म्हणजे या गावाची दुसरी बाजू. डॅनिश चर्च, जुनी मशीद आणि शिवमंदिर एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

तरंगंबाडी २०२० पासून मयिलाडुतुरै जिल्ह्यात आहे. कोटातल्या संग्रहालयात चिनी मातीची भांडी, काचसामान, हत्यारे आणि वसाहतकाळचे कागद मांडलेले आहेत. कोटाचा खरा दाखला असलेले सोन्याचे पत्र कोपनहेगनमध्ये आहे. भोसल्यांच्या दरबाराचे मोडीतले हजारो कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आणि तमिळनाडूच्या दफ्तरखान्यांत आहेत. डॅनिश बाजूचा इतिहास डेन्मार्कच्या अभ्यासकांनी बारकाईने लिहिला आहे. धन्याच्या बाजूचा, मोडी वाचून लिहायचा इतिहास अजून बराच बाकी आहे.